विलायतेहून आलेला कॅमेरा

मध्य रेल्वेच्या भुसावळ–नागपूर मार्गावरील बोदवड हे जळगाव जिल्ह्यातील कापसाच्या आणि धान्याच्या व्यापाराचे गाव. तालुक्याचे ठिकाण झाल्यापासून येथे कार्यालये, शाळा आणि दुकाने वाढली, आणि त्यांच्याबरोबर छायाचित्रणाचा व्यवसायही वाढला. लग्नसराई, शाळांची स्नेहसंमेलने, शासकीय कार्यक्रम, ओळखपत्रांची छायाचित्रे यांवर अशा गावांतील अनेक तरुणांचा स्वयंरोजगार चालतो. यांपैकी कोणाला कधी तरी असा कॅमेरा किंवा असे भिंग हवे असते, की जे जळगावात नाही, भुसावळात नाही आणि मुंबईच्या फोर्ट विभागातील बोरा बाजारातही मिळत नाही. मग परदेशातील विक्रेत्याकडून ते मागविण्याचा विचार सुरू होतो.

हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. या राज्यातील चलच्चित्रकलेचा आरंभच परदेशातून मागविलेल्या कॅमेऱ्याने झाला आहे. त्या आरंभीच्या खरेद्यांचा वृत्तान्त पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. कॅमेऱ्याची पेटी घरी पोचणे हा खरेदीचा अर्धाच भाग असतो. फिल्म, रसायने, दुरुस्ती आणि ते यंत्र वापरण्याचे ज्ञान ही सर्व सामग्री त्या पेटीपाठोपाठ आली तरच कॅमेरा कामास येतो. नाही तर तो शोभेची वस्तू होऊन कपाटात राहतो.

अजिंठ्याच्या वाटेवर

खानदेशच्या परिसरात विलायती कॅमेरा फार लवकर पोचला. मद्रास लष्करातील अधिकारी मेजर रॉबर्ट गिल यांची अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली नेमणूक केली. चित्रकार म्हणून आलेले गिल पुढे छायाचित्रणाकडे वळले. त्यांनी घेतलेल्या छायाचित्रांची पुस्तके जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी कष्टाने रंगविलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. छायाचित्रे मात्र पुस्तकरूपाने उरली. गिल १८७९ साली निवर्तले. त्यांची कबर बोदवडपासून रेल्वेने अगदी जवळ असलेल्या भुसावळ येथे आहे.

त्या काळची साधने समुद्रमार्गे मुंबईस येत आणि तेथून बैलगाडीने आत जात. आगगाडी या भागात पोचली ती १८६० नंतरच्या दशकात. तेव्हा रूढ असलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर द्यावयाचा, तो ओला असतानाच छायाचित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुवावयाचे, असा क्रम असे. म्हणजे छायाचित्रकाराला कॅमेऱ्याबरोबर प्रयोगशाळाच वाहून न्यावी लागे. काच फुटली किंवा रसायन संपले, तर नवी पेटी येईपर्यंत काम थांबे.

एकवीस गिन्यांचा कॅमेरा

मुंबईतील वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे लोकांना ठाऊक असलेले सावे दादा, यांच्या मनात स्वतः अशी चित्रे घेण्याचे आले. ते व्यवसायाने छायाचित्रकार होते. त्यांनी इंग्लंडमधील रायली कंपनीकडून एकवीस गिन्या देऊन चलच्चित्राचा कॅमेरा मागविला. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग. पौंडाला पंधरा रुपये हा दर धरल्यास ही रक्कम सुमारे तीनशे तीस रुपये होते. त्या काळच्या सामान्य नोकरदाराला ती वर्षभरातही शिल्लक टाकता आली नसती.

या कॅमेऱ्याने १८९९ साली त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डन्समध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती चित्रित केली. परंतु चित्रित झालेली फिल्म धुण्याची सोय येथे नव्हती. ती बोटीने इंग्लंडला पाठवावी लागली आणि धुऊन परत येईपर्यंत वाट पाहावी लागली. कुस्ती मुंबईत झाली, पण तिचे चित्र नीट आले की नाही हे समजण्यासाठी त्या फिल्मला दोनदा समुद्र ओलांडावा लागला. भिंग नीट बसले नव्हते किंवा प्रकाश कमी पडला, हे कित्येक आठवड्यांनी कळणार, आणि तोवर पुढच्या प्रयोगातही तीच चूक होत राहणार. दरम्यान सावे दादांनी प्रक्षेपकयंत्रही मिळविले. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचे चित्रणही त्यांनी केले. हे चित्रण भारतातील पहिल्या वार्तापटांपैकी एक मानले जाते.

फाळके यांची लंडनयात्रा

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण अर्थातच धुंडिराज गोविंद फाळके यांचे आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते. छायाचित्रण, ठसे करणे, छपाई हे सर्व त्यांच्या हातचे होते. १९११ साली मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिल्यावर आपल्या देवादिकांच्या कथा अशाच पडद्यावर आणण्याचा ध्यास त्यांनी घेतला.

त्यांनी केवळ पत्र पाठवून कॅमेरा मागविला असता तर काय झाले असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. सावे दादांच्या वाट्याला आलेलीच अडचण बहुधा त्यांच्याही वाट्याला आली असती. फाळके यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून सुमारे दहा हजार रुपयांचे कर्ज उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला जाण्यास निघाले. लंडनमध्ये त्यांची ओळख कोणाशीही नव्हती. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे ते भारतात वर्गणीदार होते. त्या साप्ताहिकाची पाटी दिसताच ते सरळ कार्यालयात शिरले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. चित्रपटनिर्मितीच्या भानगडीत पडू नये, भारताच्या हवामानात ती साधणार नाही, असा सल्ला कॅबोर्न यांनी प्रथम दिला. पाहुण्याचा निर्धार पाहिल्यावर मात्र त्यांनी चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी वॉल्टन येथील आपल्या चित्रशाळेचे सर्व विभाग त्यांना मोकळेपणाने दाखविले.

या दोघांच्या सल्ल्याने फाळके यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांना, म्हणजे सुमारे साडेसातशे रुपयांना, घेतला. त्याबरोबर कोडॅकची कोरी फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांचीही मागणी नोंदविली. लंडनमध्ये त्यांचा मुक्काम अवघा सुमारे दोन आठवड्यांचा होता. १ एप्रिल १९१२ रोजी ते परतले आणि सामान बोटीने मे महिन्यात येऊन पोचले. सोबतच्या आराखड्यावरून त्यांनी चार दिवसांत सर्व यंत्रे जुळविली.

छिद्रे पाडण्याच्या यंत्राचे महत्त्व सहज ध्यानात येत नाही, म्हणून ते थोडे उलगडून सांगणे अवश्य आहे. त्या काळी कोरी फिल्म बहुधा बिनछिद्रांची मिळे. चलच्चित्राच्या फिल्मला दोन्ही कडांना छिद्रे असतात. त्यांत यंत्राचा आकडा अडकतो, फिल्म एक चौकट पुढे ओढली जाते, क्षणभर स्थिर राहते, पडदा उघडतो, आणि पुन्हा ती पुढे सरकते. एका फुटात सोळा चौकटी आणि प्रत्येक चौकटीस एका कडेला चार छिद्रे, म्हणजे दोन्ही कडा मिळून एका फुटाला १२८ छिद्रे होतात. दोनशे फुटांच्या एका रिळाला पंचवीस हजारांहून अधिक छिद्रे लागतात. ती सर्व अंधारात, हाताच्या अंदाजाने आणि केसभरही न चुकता पाडावयाची. एक छिद्र तिरपे गेले तर पडद्यावर चित्र उडी मारते. हे काम फाळके यांनी घरातील माणसांना शिकविले, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा होता. फिल्म धुण्याचे कामही त्या करीत. लंडनहून कॅमेरा आला खरा, पण भारतीय चित्रपटाची पहिली प्रयोगशाळा उभी राहिली ती दादरच्या एका घरात, स्वयंपाक आणि मुलेबाळे सांभाळणाऱ्या एका गृहिणीच्या हातांनी. या गोष्टीचा उल्लेख व्हावा तितका होत नाही.

यंत्र हाती आल्यावरही भांडवलदार पुढे येईनात. तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण केले. बी रुजून वेल वर चढतानाचे ते मिनिटभराचे दृश्य पाहून कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले. ‘राजा हरिश्चंद्र’ हा सुमारे ३,७०० फूट लांबीचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी झळकला. पन्नास पौंडांच्या कॅमेऱ्यापाठीमागे विम्याची पॉलिसी, दागिने आणि एका कुटुंबाची सारी आयुष्यभराची ठेव पणाला लागली होती.

जकातीचा बोजा त्या वेळी फारसा नव्हता. बहुतेक आयात मालावर सर्वसाधारण शुल्क पाच टक्के होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, ते साडेसात टक्क्यांवर गेले. युद्धाचा खरा फटका बसला तो पुरवठ्याला. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले आणि त्याच वर्षी युद्ध पेटले. इकडे भांडवलदारांनी हात आखडता घेतला आणि फाळके यांना अडचणीत परतावे लागले.

कॅमेराच घडविला

पुरवठ्याची ही अडचण कोल्हापुरातील कलावंतांनी निराळ्या रीतीने सोडविली. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू रंगविलेल्या पडद्यांसाठी प्रसिद्ध होते. त्यांनी चित्रपटाचे प्रक्षेपकयंत्र मिळवून त्याच्या रचनेचा बारकाईने अभ्यास केला. प्रक्षेपक आणि कॅमेरा यांतील फिल्म सरकविण्याची युक्ती मुळात एकच असते. एकात बाहेरचा प्रकाश आत येतो, दुसऱ्यात आतला प्रकाश बाहेर जातो. आनंदराव १९१६ साली अकाली निवर्तले. पुढे बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास स्वदेशी कॅमेरा पूर्ण केला. याच कॅमेऱ्याने चित्रित झालेला महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० साली पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले.

फाळके यांनी बाहेर जाऊन ज्ञान आणले. बाबूरावांनी घरातील यंत्र उघडून ते मिळविले. दोघांच्याही हाती शेवटी दुरुस्त करता येण्याजोगे यंत्र होते, आणि त्यांच्या यशाचे मर्म त्यात दडलेले आहे.

परवान्यांची वर्षे

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपून वापरणे देशाला भाग होते. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यान्वये परदेशी वस्तूंना परवाना लागू झाला, आणि कॅमेरा ही चैनीची वस्तू गणली गेली. या काळात बडोद्यात तयार होणारा आग्फाचा ‘क्लिक’ हा साधा पेटीवजा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांतून पोचला. उटकमंड येथे केंद्र शासनाच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या कारखान्यात ‘इंदू’ नावाची फिल्म तयार होऊ लागली. स्टुडिओवाल्यांचा जीव मात्र दोन भिंगांच्या जपानी यशिकावर किंवा जर्मन रोलीफ्लेक्सवर असे. परदेशातून येणारा आप्त, आखातातील नोकरीवरून परतणारा शेजारी, किंवा वापरलेल्या मालाचा व्यापारी यांच्याकरवीच तो मिळे. एकाच कॅमेऱ्यावर स्टुडिओच्या दोन पिढ्या चालल्याची उदाहरणे खानदेशात ठिकठिकाणी सापडतील.

चाळीसगावचे केकी मूस हे या जिल्ह्याचे भूषण. इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन परतलेल्या मूस यांनी पुढील सुमारे पन्नास वर्षे रेल्वे स्थानकाजवळील आपल्या बंगल्यातच काढली आणि टेबलावर मांडलेल्या घरगुती वस्तूंतून देखावे उभे करून जगभर नावाजलेली छायाचित्रे घेतली. ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा बंगला आता कलादालन म्हणून जतन केलेला आहे. कॅमेऱ्याच्या किमतीवर चित्राची किंमत ठरते असे मानणाऱ्याने एकदा चाळीसगावला उतरून ते पाहावे.

आज मागवावयाचा तर

१९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाने परवान्याची अट सैल झाली. आज स्वतःच्या वापरासाठी एखादा कॅमेरा मागविण्यास आयातदाराचा संकेतांक लागत नाही. बँकेमार्फत किंवा कार्डाने पैसे देता येतात, आणि पार्सल टपालाने किंवा कुरिअरने येते. टपालाने आलेले पार्सल परदेशी टपाल कार्यालयात सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे जाते. तेथे आकारणी झाल्यावर ते बोदवडच्या टपाल कार्यालयात येते आणि शुल्क भरून घेऊन ते मालकाच्या हाती दिले जाते. कुरिअर कंपन्या ओळखीची कागदपत्रे आधी मागतात.

शुल्काचा हिशेब मात्र बहुतेकांचा चुकतो. शुल्क केवळ कॅमेऱ्याच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर लागते. त्यानंतर त्या शुल्कासह झालेल्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. समजा, कॅमेरा चाळीस हजारांचा, वाहतूक चार हजार, विमा एक हजार. एकूण पंचेचाळीस हजार. पद्धत समजावी म्हणून मूळ शुल्क २० टक्के आणि कर १८ टक्के धरला, तर शुल्क नऊ हजार, आणि चोपन्न हजारांवरील कर ९,७२० रुपये होतो. घरी येईपर्यंत कॅमेरा ६३,७२० रुपयांना पडतो. अधिभार आणि कुरिअरची हाताळणी निराळी. प्रत्यक्ष दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वी त्या दिवशीचा दर सीमाशुल्क विभागाकडून पाहून घ्यावा. विक्रेत्याला किंमत कमी लिहिण्यास सांगण्याचा मोह अनेकांना होतो. तो दंडास आणि जप्तीस निमंत्रण देणारा आहे. शिवाय पार्सल हरवल्यास विम्याची भरपाईही त्या कमी लिहिलेल्या किमतीवरच मिळते.

परदेशातील नातलगाने भेट म्हणून पाठविलेल्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या वस्तूला पूर्वी शुल्क माफ होते. डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता ती सवलत बंद झाली. हे ठाऊक नसल्याने आजही पुष्कळांची निराशा होते. दुर्मिळ कॅमेरा बहुधा वापरलेलाच असतो, आणि वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर परकीय व्यापार धोरणात निर्बंध आहेत. ती चौकशी पैसे पाठविण्यापूर्वी करावयाची आहे. प्रवासी म्हणून स्वतः सामानातून कॅमेरा आणणाऱ्यास सामानाचे नियम लागतात. उलट, आपला किमती कॅमेरा परदेशी नेणाऱ्याने जातानाच विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यावा. म्हणजे परतताना तोच कॅमेरा नवा ठरत नाही.

आणि शेवटी फाळके यांना पडलेलेच प्रश्न उरतात. या कॅमेऱ्याची फिल्म किंवा बॅटरी येथे मिळेल काय? सुट्या बॅटऱ्या टपालाने पाठविण्यावर बंधने आहेत. त्या यंत्रात बसविलेल्या असाव्या लागतात. जपानमध्ये वीज शंभर व्होल्टची, अमेरिकेत सुमारे एकशेवीसची आणि आपल्याकडे दोनशेतीसची असते, म्हणून चार्जरवरील मजकूर वाचून मगच तो लावावा. न धुतलेली फिल्म तपासणीच्या क्ष-किरणांनी खराब होऊ शकते. परदेशी विक्रेत्याची हमी भारतातील सेवाकेंद्र मानीलच असे नाही. जुन्या भिंगाच्या आत पावसाळी दमटपणाने बुरशी धरलेली असते आणि ती विक्रेत्याच्या छायाचित्रात दिसत नाही. भिंगातून आरपार प्रकाश टाकून घेतलेले चित्र आवर्जून मागवावे. कृष्णधवल फिल्म साधारण वीस अंश सेल्सियसला धुवावी लागते, तर बोदवड-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. नळाचे पाणी कोमट येते आणि फिल्मवरील जिलेटिनचा थर मऊ पडतो. कॅबोर्न यांनी १९१२ साली दिलेला इशारा म्हणजे केवळ परदेशी माणसाचा गर्व नव्हता. खानदेशातील जुने स्टुडिओवाले त्यावर बर्फाच्या लादीने मात करीत, आणि रसायनाची बाटली त्या पाण्यात ठेवून फिल्म पहाटे धुवीत.